अप्पांचं औषध बरोबर होतं

माझं काम नेमकं काय, हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट कळलेलं नाही. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांपासून जवळच असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. रोज सकाळी वॉर्डांतून फिरायचं, कुणाला कुठलं औषध किती चाललंय ते बघायचं आणि काही जुळत नसेल तर त्या डॉक्टरांना फोन करायचा. निपाणीची माझी आत्या सगळ्यांना सांगते, आमची पोरगी डॉक्टरांच्या चुका काढते. तसं नाही, पण मी आता तिला दुरुस्त करत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी श्वसनाच्या आजारांसाठी अँटिबायोटिकची नियमावली लिहिली. सगळेजण तिला गाइडलाइनच म्हणतात. त्यात अवघड काही नाही. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक द्यायचं नाही. न्यूमोनिया असेल तर ठरलेली साधी औषधं लगेच सुरू करायची, दोन दिवसांनी पेशंट बघून पुढचं ठरवायचं. आणि सगळ्यात वरची, राखून ठेवलेली औषधं मॅडमना विचारल्याशिवाय कुणीही लिहायची नाहीत. ती ऊठसूट वापरली की जंतू त्यांना सरावतात, आणि ज्याला खरंच गरज असते त्याच्या वेळी हातात काही उरत नाही.

लिहिण्याचं काम मॅडमचं होतं आणि पाळून घेण्याचं माझं. पहिल्या वर्षी फार बोलणी खाल्ली. एक सर्जन फोनवर माझा आवाज ऐकला की शेजारच्याला सांगायचे, पोलीस आले. काही डॉक्टर फोन उचलायचेच नाहीत. नातेवाईक त्याहून कठीण. घरचं माणूस धापा टाकतंय आणि ही बाई सांगते की भारी औषधाची गरज नाही. मी त्यांना शांतपणे समजावायची. हळूहळू माझी वाक्यं ठरून गेली. कन्नडमध्ये, हिंदीत, कधी कुणी आपल्याकडचं भेटलं तर मराठीत. मला ते काम येत होतं आणि आवडतही होतं.

आमचं घर तिथून जवळच, दासरहळ्ळीला. माझे वडील, अप्पा, तरुणपणी निपाणीहून आले आणि पीण्यातल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण अर्धे शब्द कन्नड. अप्पांना वाद संपवायचा असला की ते नुसतं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायचे आणि उठून जायचे. थोरला भाऊ, आमचा अण्णा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो, वहिनी आणि त्यांची छोटी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात राहतात. शहर एकच, पण त्याच्याकडून आमच्याकडे यायचं म्हणजे जवळजवळ निपाणीला जाण्याइतकंच, असं आई म्हणायची. सणावाराला भेट व्हायची.

त्या थंडीत अप्पांना आधी साधी सर्दी झाली. ती बरी होत आली आणि एका सकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. मी त्यांच्याकडे बघितलं. बोलताना मधेच श्वासासाठी थांबत होते. चहा तसाच ठेवून मी रिक्षा बोलावली. वाटेत ते म्हणाले, “स्वल्प ताप हाय, एवढं काय गं.” हॉस्पिटलात एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला खाली मोठा पांढरा डाग. न्यूमोनिया. वय झालेलं, त्यात डायबेटिस. मॅडमनी स्वतः येऊन तपासलं, कुठला जंतू आहे ते कळायला रक्त कल्चरला पाठवलं, ऑक्सिजन लावला आणि औषधं लिहिली. मी कागद हातात घेण्याआधीच मला त्यावर काय असणार ते माहीत होतं. गाइडलाइनमधलीच दोन औषधं. पहिलं इंजेक्शन माझ्यासमोर दिलं गेलं. सगळं वेळेत झालं, एवढं मला तेव्हा वाटलं. भीती वाटली का, ते आठवत नाही.

दुपारी अण्णा आला. तो ट्रॅफिकमध्ये बसून बसून आधीच वैतागला होता. वाटेत त्याने कुणाकुणाला फोन केले होते. त्याच्या मित्राचा मेहुणा दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्याने सांगितलं होतं की हल्ली साध्या औषधांना जंतू दाद देत नाहीत, थेट वरचंच सुरू करायला सांगा. औषधाचं नाव अण्णाने फोनमध्ये लिहून आणलं होतं. मी नाव बघितलं. आमच्या राखीव औषधांपैकी एक.

मी त्याला समजावलं. अप्पा आधी कुठल्या हॉस्पिटलात राहिलेले नाहीत, अलीकडे त्यांनी अँटिबायोटिक घेतलेलं नाही, म्हणजे त्यांना झालेला जंतू बाहेरचा, नेहमीचा असण्याची शक्यता जास्त. त्याच्यावर हीच औषधं चांगली चालतात. वरचं औषध म्हणजे जास्त चांगलं औषध असं नसतं. दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा त्याआधी बिघडलं तर मॅडम लगेच बदलतील.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे तू रोज बाकीच्यांना सांगतीस ना, तसंच सांगितलंस आत्ता. मी तुझा भाऊ आहे.”

माझ्याकडे दुसरी वाक्यं नव्हती.

तो मॅडमना जाऊन भेटला. त्याने आवाज चढवला नसावा, तसा त्याचा स्वभाव नाही. पण थोड्या वेळाने मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. मॅडम हासनच्या. माझ्याशी नेहमी कन्नडमध्ये बोलतात, आणि फार कमी बोलतात. टेबलावरचा पेपरवेट सरकवत म्हणाल्या, “आज तू ड्यूटीवर नाहीस. मुलगी म्हणून तू सांगितलंस तर मी ते औषध लिहीन. मला पटणार नाही, पण लिहीन. हॉस्पिटलच्या कमिटीत काय उत्तर द्यायचं ते मी बघेन.”

मी विचारलं, “तुमचे वडील असते तर?”

त्या म्हणाल्या, “हीच दोन औषधं. पण ते तू मला विचारू नको. तू काय म्हणतेस ते सांग.”

“बदलू नका,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली. मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये अण्णा खिडकीपाशी उभा होता. मी त्याला काही लपवून सांगितलं नाही. मॅडम बदलायला तयार होत्या, मी नको म्हटलं. तो आईला घरून आणायला म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. ऑक्सिजन कमी केला. अप्पांनी भाकरी मागितली आणि त्यांना इडली मिळाली, तिच्यावर ते नाराज झाले. शेजारच्या खाटेवर आनेकलकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्याशी अप्पांची कारखान्यांवरून गट्टी जमली. त्यांना ते कन्नडमध्ये सांगत होते की माझी मुलगी इथंच आहे, कुठल्या डॉक्टरने काय द्यायचं ते ती ठरवते. मी म्हटलं, असं सांगू नका. तर हसले, आणि हसता हसता खोकला आला.

अण्णा डबा घेऊन आला आणि ठेवून गेला. माझ्याशी बोलला नाही. अप्पांच्या ते लक्षात आलं. मी त्यांची उशी नीट करत होते, तेव्हा म्हणाले, “त्येच्यावर राग धरू नको. भ्यालाय तो.”

“मी कुठं राग धरलाय,” मी म्हटलं.

“तू बी भ्यालीस काय?”

“नाही.”

“सरी,” अप्पा म्हणाले आणि डोळे मिटले.

अप्पा सुधारत होते, म्हणून पुढच्या सकाळी मी कामावर रुजू झाले. आई त्यांच्यापाशी होती. मॅडम फेरी करून गेल्या होत्या, आणखी थोडी सुधारणा झाली की इंजेक्शनं बंद करून गोळ्यांवर आणू असं म्हणाल्या होत्या. मी वरच्या मजल्यावर एका पेशंटचा चार्ट बघत होते. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर सूचना आली. कुणाचं हृदय बंद पडलं की आमच्याकडे एक ठरलेला शब्द आणि मजला पुकारतात. मजला अप्पांचा होता. त्या मजल्यावर तीसेक पेशंट असतील. तरी मला कळलं. मी चार्ट जागेवर ठेवला, पेनला टोपण लावलं आणि जिना उतरले. धावले नाही. का धावले नाही, ते मला सांगता येत नाही.

सिस्टर त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवत होत्या. बसता बसता ते म्हणाले की छातीत कसंतरी होतंय, आणि मान टाकली. मी पोचले तेव्हा पडदे ओढलेले होते. आई बाहेर उभी होती, तिच्या हातात अप्पांचा चष्मा होता. आतून ड्यूटी डॉक्टरांचा छाती दाबत मोजण्याचा आवाज येत होता. त्यांनी खूप वेळ प्रयत्न केला. मॅडम आल्या, आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी आईचा हात धरला.

नंतर त्यांनी मला सांगितलं की न्यूमोनियात हृदयावर ताण येतो. या वयात, त्यात डायबेटिस असेल, तर संसर्ग उतरत असतानाही कधी कधी झटका येतो. मला हे माहीत होतं. मी वाचलेलं होतं, इतरांना सांगितलेलंही होतं. मी ‘हो मॅडम’ म्हटलं.

देह ताब्यात मिळेपर्यंत कागदपत्रांसाठी आम्ही खाली थांबलो होतो. आई आणि वहिनी बाकावर, अण्णा काउंटरपाशी. माझा फोन वाजला. लॅबमधल्या डॉक्टर होत्या. कल्चरचे रिपोर्ट आले की त्या मला फोन करतात, रोजचंच काम. माझे वडील ॲडमिट आहेत हे त्यांना माहीत होतं, पण सकाळचं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, “चांगली बातमी आहे. तुमच्या वडिलांच्या रक्तात नेहमीचाच न्यूमोनियाचा जंतू मिळाला. चालू औषध त्याला पूर्ण लागू आहे. काही बदलायची गरज नाही.”

मी म्हटलं, “थँक्यू, डॉक्टर.”

त्यांनी विचारलं, कसे आहेत आता? मी सांगितलं. मग त्या सॉरी म्हणाल्या, परत सॉरी म्हणाल्या, आणि मी त्यांना म्हणत राहिले की काही हरकत नाही, तुम्हाला कसं माहीत असणार.

फोन ठेवला आणि मी अण्णाकडे गेले. त्याला ते आत्ताच सांगायला हवं असं मला वाटलं. लपवून ठेवलं तर नंतर ते वेगळंच काहीतरी होऊन बसेल. मी म्हटलं की रिपोर्ट आला. औषध बरोबर होतं.

तो सही करत होता. सही पूर्ण केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बरोबर होतं तर अप्पा कुठं आहेत?”

काउंटरवरच्या मुलीने आम्हा दोघांकडे बघितलं आणि पुढचा कागद सरकवला.

विद्युतदाहिनीत सगळं उरकलं. निपाणीहून माणसं आली, घर भरलं, दिवस झाले, माणसं परत गेली. त्या दिवसांतलं मला फारसं सांगता येणार नाही. चहा किती वेळा केला ते आठवतं, म्हणजे सारखा केला. अण्णाने सगळे विधी नीट केले. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. गॅस कुठं, भटजींचा फोन आला का, आत्याला स्टँडवर कोण सोडणार.

माणसं गेल्यावर एका दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “ते दुसरं औषध दिलं असतं तर काय झालं असतं?”

“तेच झालं असतं, आई. हार्ट बंद पडलं. औषधाचा संबंध नव्हता.”

“बरं,” आई म्हणाली आणि पुढची काडी घेतली. परत तिने कधी विचारलं नाही. तिला पटलं म्हणून, की मला त्रास नको म्हणून, कोण जाणे.

मी कामावर गेले. सगळे हळू आवाजात बोलायचे. ते सर्जन, पोलीस म्हणणारे, माझा फोन पहिल्या रिंगला उचलायला लागले आणि मी काही म्हणायच्या आत औषध बदलू का विचारायला लागले. ते मला नको होतं. मेट्रोत बसलं की कधी कधी माझं स्टेशन निघून जायचं आणि मी पुढे उतरून उलट्या दिशेची गाडी पकडायची. त्यात दुःख वगैरे होतं असंही नाही. नुसतं कळायचं नाही. जेवणाला मीठ कमी की जास्त तेही आईला विचारावं लागे.

दर महिन्याला आमच्या कमिटीची बैठक असते. न्यूमोनियाचे जे पेशंट दगावले त्यांची माहिती तिथं वाचली जाते. नाव घेत नाहीत. वय, आजार, औषध कधी सुरू झालं, गाइडलाइनप्रमाणे होतं का, कुठं काही वेगळं करता आलं असतं का. ते वाचायचं काम माझं. बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या की या वेळी दुसरं कुणीतरी वाचेल. मी म्हटलं, मी वाचते. मला धीट वगैरे दिसायचं नव्हतं. दुसऱ्या कुणी वाचलं आणि काही चुकीचं वाचलं तर, एवढंच मनात होतं.

त्या महिन्यात दोन केसेस होत्या. आधीची वाचली. मग दुसरी. पुरुष, वय अमुक, डायबेटिस, हॉस्पिटलबाहेर झालेला न्यूमोनिया. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे समोरच्या कागदाकडे बघत होते. माझा आवाज नेहमीसारखा होता. मी तो ऐकत होते. वाचून झाल्यावर नियमाप्रमाणे प्रश्न विचारायचे असतात. मग बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी घसा साफ करून विचारलं, कुठल्याही टप्प्यावर औषध वाढवण्याचं कारण दिसत होतं का?

मी म्हणाले, “नाही. पेशंट सुधारत होता.”

“औषधं गाइडलाइनप्रमाणे?”

“हो.”

मॅडमनी त्याप्रमाणे नोंद करायला सांगितलं. त्यानंतर हात धुण्याच्या जागांविषयी बराच वेळ चर्चा झाली. कॉफी आली. मी माझी कॉफी संपवली.

अण्णाचा फोन असा कधी यायचा नाही. आईला करायचा, आणि आई मला सांगायची. उन्हाळा गेला, पावसाळी हवा सुरू झाली, वॉर्डात खोकणारे पेशंट वाढले. एक दिवस दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि फोनवर त्याचं नाव दिसलं. मला आधी आईच आठवली, आईला काही झालं का.

छोटीला खोकला होता. ताप येऊन गेला होता. जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं. बाटली समोर होती. देऊ का, असं त्याने विचारलं.

मी प्रश्न विचारले. श्वास जोरात चालतोय का, छाती आत ओढली जातेय का, पाणी पितेय का, खेळतेय का. तो एकेक उत्तर देत होता. मधेच त्याने फोन बाजूला ठेवला आणि तिचा श्वास बघून आला. खेळत होती. कार्टून बघत डोसा खात होती.

“डॉक्टरांनी तिला तपासलंय, मी तपासलेलं नाही,” मी म्हटलं. “त्यांना परत एकदा स्पष्ट विचार, हे खरंच लागेल का. पण तू सांगतोस त्यावरून मला गरज दिसत नाही. श्वास वाढला, खाणंपिणं सोडलं, किंवा ताप परत आला तर वाट बघू नको, तडक ने.”

“नक्की?”

“नक्की.”

मी डब्याकडे बघत होते. भाताची एक कड सुकली होती.

मग तो म्हणाला, “अप्पांच्या वेळी पण तू असंच म्हणालीस.”

“हो.”

“तुला परत तसं म्हणायला काहीच वाटत नाही?”

मी खरं तेच सांगितलं. “मला काय वाटतं ते मला कळत नाही, अण्णा. पण त्या वेळी ते बरोबर होतं आणि आत्ताही मला बरोबर वाटतंय. मी दुसरं काय सांगू?”

त्याने फोन ठेवला. रागाने ठेवला का, ते आवाजावरून कळलं नाही. मी जेवले आणि दुपारच्या फेरीला गेले. एका बाईंना सासऱ्यांसाठी वरचं औषध हवं होतं. त्या शिकलेल्या होत्या, फोनवर बरंच वाचून आल्या होत्या. मी त्यांना समजावलं. समजावताना मध्येच माझं वाक्य तुटलं आणि पुढचा शब्द मिळेना. त्या थांबल्या. पाणी हवंय का म्हणून त्यांनीच मला विचारलं. मग शब्द मिळाला आणि मी पुढे बोलले.

सिरपचं काय झालं ते अण्णाने कळवलं नाही. आठवडाभराने मीच वहिनीला विचारलं. ती म्हणाली की डॉक्टरांना परत विचारलं, त्यांनीही थांबून बघा म्हटलं. दिलं नाही. अण्णा मात्र ऑफिसला गेला नाही, घरीच बसून होता आणि दर थोड्या वेळाने छोटीच्या छातीवर हात ठेवून बघत होता. छोटी बरी झाली, तशी ती होणारच होती.

गौरीच्या सणाला ते तिघं दासरहळ्ळीला आले. आईने पुरणपोळीसारखे होळिगे केले होते. अण्णाने दोन खाऊन तिसरा मागितला, छोटीने अर्धा खाली पाडला. जेवण झाल्यावर तो बाहेरच्या पायरीवर बसला आणि मीही जाऊन बसले. आम्ही समोरच्या गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत होतो. मग त्याने विचारलं की त्या दिवशी मॅडम खरंच बदलायला तयार होत्या का.

“होत्या.”

“आणि तू म्हणालीस नको.”

“हो.”

“मी असतो तर हो म्हटलं असतं,” तो म्हणाला. “अप्पा तरीही गेले असते, ते मला आता कळतं. पण मी हो म्हटलं असतं.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

आतून आईने हाक मारली, छोटीला झोप आली होती. तो उठला, जाताना त्याचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर पडला, की नुसता आधाराला लागला, सांगता येत नाही. आता तो मला अधूनमधून फोन करतो. घरातलं कुणी आजारी पडलं की आधी मलाच विचारतो, आणि मी सांगते तसं बहुतेक वेळा करतो.

मी अजून रडलेले नाही. आईला त्याची काळजी वाटते. ती आत्याला फोनवर सांगत होती ते मी ऐकलं, “पोरगी कामाला जाते, येते, जेवते. बाकी काय न्हाई.” तसंच आहे ते.